मोहाखालच्या पाल्याचे दोन मुचलके

प्रति,
मे. रेंज ऑफिसर साहेब,
जंगल खाते, सालईखोरा रेंज, जिल्हा वर्धा

विषय : मोहाखालचा पाला न जाळण्याचा मुचलका फाल्गुनाआधी रद्द होणेबाबत.
संदर्भ : याच बाईचे मागील दोन अर्ज. उत्तर नाही.

महोदय,

आनंदाबाई बेवा रूपराव मसराम, राहणार मौजा चिचढाणा, हिच्या वतीने सविनय सादर करण्यात येते की, तिच्या घरामागे जंगलाच्या हद्दीला लागून मोहाची दोन झाडे होती. फुले गळण्याआधी, फाल्गुनात, सकाळचे दव असतानाच ती खालचा पाला पेटवी आणि पळसाची फांदी घेऊन आगीसोबत चाले. आग कधी गुडघ्यावर गेली नाही. फुले वेचायला जागा साफ होई, आणि पुढे वणवा आलाच तर त्याला खायला काही उरत नसे.

सन १९५५ साली खात्याने तिला जंगल जाळणारी ठरवून मुचलका लिहून घेतला. बाईने तो पाळला. हुकूम इतका मनावर घेणारे माणूस हा अर्ज लिहिणाराने कचेरीसमोर आजवर पाहिले नाही. पाला साचत गेला.

गेल्या वैशाखात वणवा आला. खात्याचा जंगल राखणारा नाकेदार नत्थू धावत येऊन ओरडला, "बाई, इकडून आग लाव! दोन आगी भिडल्या का विझते!" बाईच्या हातात पेटती चूड होती. ती म्हणाली, "लावतो, पण लिहून द्या. मले मुचलका हाये." नत्थूजवळ कागद नव्हता, आणि असता तरी त्याला लिहिता येत नाही. तेवढ्यात एक मोह, बाईचे घर आणि तिची जाऊ शकुबाई हिची दावणीची गाभण म्हैस जळाली.

चौकशीअंती खात्याने, सांगूनही आग का लावली नाही, म्हणून बाईकडून दुसरा मुचलका घेतला : वणवा दिसताच आग लावीन. पहिलाही कायम आहे. दोन्ही एकदम कसे पाळावेत हे बाईला समजत नाही, व लिहिणारालाही समजत नाही.

शकुबाई विहिरीवर रोज विचारते, "काऊन नाई लावली वं?" बाईने आता विहिरीवर जाणेच सोडले आहे.

तिला भरपाई नको. उरलेल्या एका मोहाखाली दवात पाला जाळण्याची लेखी परवानगी द्यावी. हवे तर नत्थूला शेजारी उभे करावे. पानगळ सुरू झाली आहे. परवानगी न आल्यास बाई आग लावणार नाही, आणि वणवा आला तर त्याच जागी पुन्हा उभारलेल्या घरातून हलणारही नाही. हे शेवटचे वाक्य गाळू या, असे लिहिणाराने तिला दोनदा विनवले. तिने गाळू दिले नाही.

आपल्या हुकमात राहिलेली,
आनंदाबाई बेवा रूपराव मसराम
(निशाणी डावा अंगठा)

लिहिणार : अण्णाजी पिसे, अर्जनवीस, वर्धा
ता. ३ फेब्रुवारी १९५८

सोबत : दोन्ही मुचलक्यांच्या नकला.