हातात धरलेला ठोकळा

श्टुटगार्ट, ११ नोव्हेंबर १९६४

ती. ओटिलीताईस, धाकट्या गोटहिल्फचा सा. न. वि. वि.

तुझे लोकरीचे मोजे पोचले. दोन्हींची लांबी सारखी आहे का, हे मी यंत्रावर तपासलेलं नाही. मापाचे ठोकळे करणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं शेवटची तपासणी केलेल्या बाईवर एवढा विश्वास ठेवायलाच हवा.

सात महिन्यांत मी एकही मापयंत्र विकलेलं नाही, हे तुला ठाऊकच आहे. बावन्नाव्या वर्षी लेथ सोडून टाय बांधून विकायला निघालेल्या टर्नरचं दुसरं काय होणार? साहेबांनी नाताळपर्यंत मुदत दिली आहे. पण काल क्लाइनबेकांच्या कारखान्यात मी असा काही बोललो की मला स्वतःलाच एक यंत्र घ्यावंसं वाटलं. काटा शून्यावर लावायचा तो शंभर मिलिमीटरचा पोलादी ठोकळा मुठीत धरून वीस मिनिटं त्याचे गुण गायलो. मग त्यावर काटा लावला आणि त्यांच्याच तेवढ्याच लांबीच्या साठ पिना एकेक करून मापल्या. साठच्या साठ एक शतांश मिलिमीटरने आखूड निघाल्या.

क्लाइनबेकांचा चेहरा उतरला. म्हणाले, या पिना आमच्या माउटेने केलेल्या, बावीस वर्षांत त्याची एक पिन कुणी परत पाठवली नाही. मी रुबाबात सांगितलं की माणूस थकतो, माझं यंत्र थकत नाही. चार यंत्रं घ्यायचं त्यांनी जवळजवळ कबूल केलं. माउटेचा तपासणीचा शिक्का मात्र तिथल्या तिथे काढून घेतला, आणि सोमवारपासून त्याला लेथवरून हलवून गोदामात पाठवणार आहेत. वाईट वाटलं, पण माप ते माप.

तू दिलेला लाकडी चिमटा कपाटातच आहे. गिऱ्हाइकासमोर काढला तर मी स्वयंपाकघरातून उठून आलोय असं वाटेल.

लोभ आहे तेवढा असू द्यावा, तपासायला घेऊ नये.

तुझा
गोटहिल्फ


एबिंगन, १३ नोव्हेंबर १९६४

चि. गोटहिल्फ यास, ओटिलीचे अ. उ. आ.

या आठवड्यात जिना झाडायची पाळी माझी. तुझं पत्र वाचलं आणि झाडू तिसऱ्या पायरीवरच राहिला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तो पाहिला, म्हणजे आता ईस्टरपर्यंत मला ऐकून घ्यावं लागणार.

अरे शहाण्या, ठोकळा वीस मिनिटं मुठीत? तुझे हात तर लहानपणापासून भट्टी. थंडीत आई तुझ्या मुठीत स्वतःची बोटं शेकायची. शंभर मिलिमीटर पोलाद दहा अंशांनी तापलं तर किती वाढतं, हे टर्नरला मी शिकवायचं का? एक शतांशाहून थोडं जास्तच. माउटेच्या पिना आखूड नव्हत्या. तुझा ठोकळा लांब झाला होता, आणि तो तुझ्या बडबडीने झाला होता. चिमटा मी त्यासाठीच दिला होता.

चार यंत्रं जातील, कदाचित नोकरीही जाईल. माझी माळ्यावरची खोली रिकामी आहे, पलंगही आहे. पण सोमवारी तो माणूस गोदामात जायच्या आत तू तिथे पोचलं पाहिजेस.

मोजे घालून जा. माया आहे, म्हणूनच रागावते.

तुझी
ओटिली


श्टुटगार्ट, १६ नोव्हेंबर १९६४

ती. ओटिलीताईस, शरमिंद्या गोटहिल्फचा सा. न. वि. वि.

पहाटेची गाडी धरून कामगारांच्या आधी फाटकात उभा राहिलो. वाटेत सात-आठ भाषणं तयार केली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माउटेची नाही, माझ्या हाताची आहे. क्लाइनबेक म्हणाले की मग आत्ताच पुन्हा मापून दाखवा. चिमट्याने ठोकळा लोखंडी पाटावर ठेवला, शेजारी पिना मांडल्या. सगळं एकसारखं गार व्हायला दोन तास. तेवढा वेळ मला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवून, बोलायचं नाही अशी ताकीद दिली. म्हणाले, तुमचा श्वासही गरम असणार. ताई, इतका वेळ गप्प मी आईच्या अंत्यविधीलाही बसलो नव्हतो. माउटे गोदामाचा करडा डगला हातावर टाकून समोरच उभा होता. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

साठही पिना बरोबर निघाल्या. क्लाइनबेकांनी खिशातून शिक्का काढून माउटेच्या तळहातावर ठेवला. मी त्याची माफी मागितली. त्याने चिमटा उलटसुलट करून पाहिला आणि असा कुठे मिळतो ते विचारलं.

चारऐवजी एकाच यंत्राची ऑर्डर मिळाली, तीही लेखी अटीवर: विक्रेत्याने चिमटा आणावा आणि मापून झाल्यावरच बोलावं. साहेबांनी दुपारीच तो कागद ऑफिसच्या भिंतीवर लावलाय. आल्यागेल्याला वाचून दाखवतात आणि पोट धरून हसतात. मुदत मात्र ईस्टरपर्यंत वाढवली. तेव्हा तुझा पलंग तूर्तास वाचला.

एक विचारायचं राहिलं. नुसत्या पत्रावरून तुला हे कळलं कसं? मी तर समोर असून मला कळलं नाही.

तुझ्या लोभाची आता जास्तच गरज आहे.

तुझा
गोटहिल्फ


एबिंगन, १८ नोव्हेंबर १९६४

चि. गोटहिल्फ यास, ओटिलीचे अ. उ. आ.

कसं कळलं म्हणतोस. बत्तीस साली हेर्मान कारखान्यात माझ्या तपासणीच्या खिडकीशी येऊन मला लग्नाचं विचारत होता, आणि मी ठोकळा हातात घेऊन लाजत उभी होते. त्याच ठोकळ्यावर नंतर मी राइले नावाच्या माणसाचे चाळीस नग रिजेक्ट केले. त्याला कामावरून काढलं. कामं मिळत नव्हती ते दिवस होते, घरी दोन पोरं होती. माझी चूक मला त्याच संध्याकाळी उमगली. मी कुणाला सांगितलं नाही, हेर्मानलासुद्धा नाही. पुढच्या आठवड्यात चिमटा विकत घेतला आणि नंतर तीस वर्षं कधी चुकले नाही. सगळे माझं कौतुक करायचे, तेव्हा मला ते चाळीस नग आठवायचे.

राइले अजून आहे, डोंगरापलीकडच्या गावात मुलीकडे राहतो. रविवारी हेर्मानच्या थडग्यावर फुलं ठेवून मी तशीच दुपारची बस धरणार आहे. बडीशेपेची बिस्किटं केली आहेत. पण दार उघडल्यावर आधी काय म्हणायचं, ते काही केल्या सुचत नाही. जन्मभर तुला कमी बोल म्हणत आले. आता तू माउटेला पहिलं वाक्य काय म्हणालास, ते मला शब्द न गाळता लिहून पाठव. शनिवारच्या टपालाने मला मिळालं पाहिजे.

हे वाचूनही लोभ राहिला, तर तसं कळव.

तुझी
ओटिली