धार ह्यांची, मेण माझं

२ डिसेंबर

स्नोबोर्डच्या फळीच्या पांढऱ्या तळावर रक्त. वीतभर ओघळ! मी मेणाची इस्त्री तापवत होते, ह्यांची पाठ माझ्याकडे. म्हटलं, अहो, हात कापलाय. तर म्हणाले, "कुठे?" आणि दोन्ही हात उलटसुलट करून बघायला लागले, जणू दुसऱ्याच कुणाचे आहेत. डाव्या अंगठ्याला खोल चीर. पोलादी कडेने कापलेलं, आणि ह्यांना पत्ताच नाही.

पट्टी बांधली. म्हणतात, थंडीने बोटं बधिर झालीत. दुकानात शेगडी ढणढण पेटलेली होती!

५ डिसेंबर

शहरात डॉक्टरकडे जाऊन आले. एकटेच — मला म्हणाले, गिऱ्हाईक येईल, तू थांब. काय म्हणाले डॉक्टर? वय झालं म्हणाले. आणखी? लोणचं कमी खा म्हणाले. बस्स. मूग गिळून बसायची खोड जुनीच आहे.

९ डिसेंबर

दुकान उघडलं त्या वर्षीच वाटणी ठरली. स्नोबोर्डच्या दोन्ही कडांची धार ह्यांची, तळ माझा. हे कानस मारतात, हिऱ्याचा दगड फिरवतात, आणि शेवटी अंगठ्याचं नख कडेवरून आडवं ओढतात. नखाची पांढरी भुकटी निघाली की धार झाली. माझं काम भेगा बुजवायचं, इस्त्रीने मेण पसरायचं, गार झालं की खरवडायचं. एकतीस वर्षं. गावात आम्हाला चिडवतात, हिसानोरीच्या घरात धार नवऱ्याची आणि मेण बायकोचं, पण कापते कोण ते विचारू नका.

आज ह्यांनी करून टांगलेल्या एका फळीवर मी गुपचूप माझं नख ओढलं. टोकाकडे ठीक. मधे, दोन पायांच्या मधल्या भागात — नख नुसतं घसरलं. लोण्याची सुरी बरी. ह्यांनी तिथेही नख लावलेलं मी पाहिलं होतं. लावून मान डोलावली होती. काय कळलं म्हणून डोलावली?

आत जाऊन मुळा चिरता चिरता रडून घेतलं. कांदा तरी घ्यायचा होता, निमित्त झालं असतं.

१० डिसेंबर

रोज पहाटे साडेपाचला हे गळ्यात टॉवेल टाकून गावच्या गरम पाण्याच्या न्हाणीघरात जातात, साडेसहाला परत. आज ह्यांची पाठ फिरली तशी मी दुकानात शिरले. कानशीची लाकडी मूठ ह्यांच्या अंगठ्याने झिजून खोलगट झालीय. माझा अंगठा त्या खळग्यात पुरेना.

चार फळ्या पुन्हा केल्या. शिकवलं कुणी नाही. एकतीस वर्षं बघत होते, हाताला आधीच येत होतं! होत्या त्याच जागी, त्याच क्रमाने टांगल्या. जेवताना ह्यांच्यापुढे वाडगा ठेवला. हे म्हणाले, आज सूप छान झालंय. रोजचंच तर सूप.

११ डिसेंबर

सहा फळ्या. नखं कापायला नकोत आता.

२४ डिसेंबर

तोक्योचा एक जण खास आला होता सांगायला. काकांसारखी धार सगळ्या डोंगरात कुणाची नाही म्हणे, बर्फाच्या कडक पट्ट्यावरही फळी सुटली नाही. हे नुसतं "हं" म्हणाले. मी मान खाली घालून मेण खरवडत होते. इतका आनंद झाला की स्वतःचीच लाज वाटली.

८ जानेवारी

नोव्हेंबरात आणलेला ह्यांचा न्हाणीघराचा साबण अजून तसाच आहे. वरची अक्षरंसुद्धा कोरीव! टॉवेल मात्र रोज ओला. म्हटलं, चिकटपणाची हद्द झाली. तर म्हणतात, वयाबरोबर मळही कमी होतो. काय माणूस आहे!

२७ जानेवारी

वरच्या आळीतली चिनात्सु फळी घेऊन आली. आठ वर्षांची असल्यापासून तिची फळी ह्यांच्याच हातची. आता तेवीस. ८ फेब्रुवारीला निवडीची शर्यत आहे. दोघी दोघी शेजारी शेजारी झेंड्यांमधून उतरतात आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाने हरतात. पहिल्या दोघींत आली तर देशाच्या संघात, युरोपला. नाहीतर हे शेवटचं वर्ष. बहिणीच्या खानावळीत उभी राहीन म्हणाली, आणि हसली. मला हसू आलं नाही.

तिची फळी अवघड. फळीवर आडवं उभं राहतात, म्हणून एक कड टाचांकडे येते, दुसरी पंजांकडे. टाचेकडची कड पंजाकडच्यापेक्षा एक अंशाने जास्त टोकदार लागते. हे आधी टाचेच्या बाजूला लाल चिकटपट्टीचा तुकडा लावतात, मगच कानस हातात घेतात.

"काका, ह्या वेळी जीव ओतून करा हं," म्हणाली.

"दरवेळी काय पाणी ओततो?" हे म्हणाले.

५ फेब्रुवारी

काल दिवसभर हे चिनात्सुच्या फळीवर. संध्याकाळी मी मेणाचे तीन थर दिले. आज हे गेल्यावर बघितलं — टाचेकडे मधे बोथट. हे नसतं केलं तर ती पोर पहिल्याच वळणाला गेली असती! पाऊण तास नुसती तीच फळी. नख टेकवलं की भुकटी.

नऊला येऊन घेऊन गेली. ह्यांना कमरेत वाकून नमस्कार केला. मला म्हणाली, काकू, तुमचं मेण तर चाटावंसं वाटतं.

दुकान आज ह्यांनी झाडलं. कधी नव्हे ते! केरातून काहीतरी लाल उचलून खिशात टाकलं.

६ फेब्रुवारी

चुकले. काय केलं हे मी!

सकाळी दुकानात उभी असताना लक्षात आलं. चिनात्सु उजवा पाय पुढे ठेवते, म्हणजे तिच्या बाजू इतरांच्या उलट. आणि फळी होती पालथी, म्हणजे पुन्हा उलट. मी डोक्यात एकदाच फिरवली. दोनदा फिरवायला हवी होती. टाचेची धार पंजाला गेली, पंजाची टाचेला. ती लाल पट्टी असती तर चूक झालीच नसती — पण ती मीच काढली होती, मेण लावताना!

हे यायच्या आत फोन केला. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आधीच ती म्हणाली, "काकू, काळजी करू नका. काल काकांचा फोन आला होता. म्हणाले, म्हातारा झालोय, बाजूंचा घोळ केला असेन, तिथे कडा मोजून घे. मोजल्या तर खरंच उलट्या! इथल्या माणसाकडून नीट करून घेतल्या."

फोन ठेवला. पोर वाचली. पण ह्यांना वाटतंय, चूक त्यांची.

जेवण झाल्यावर ह्यांनी फडक्यात गुंडाळलेली कानस माझ्यासमोर ठेवली. "उद्यापासून धारही तूच कर," म्हणाले. "माझ्याच्याने आता होत नाही."

तेव्हाच सांगायला हवं होतं. अहो, ती चूक माझी होती. ओठावर आलं होतं. मूग गिळायची खोड मलाही लागली वाटतं.

७ फेब्रुवारी

दिवसाढवळ्या, ह्यांच्या डोळ्यांदेखत पहिली कड केली. हे स्टुलावर बसून चहा पीत बघत होते. एकदाच म्हणाले, कोपर जरा खाली. मी खाली घेतलं. कानस खरंच सरळ गेली.

कामात इतका आनंद आणि मनात इतकं ओझं, एकाच वेळी.

८ फेब्रुवारी

चिनात्सु दुसरी! शंभरातल्या चार भागांनी! फोनवर ती रडत होती, मागे तिची बहीण ओरडत होती. हे सगळं ऐकून भिंतीकडे तोंड करून बसले आणि टॉवेलने चेहरा पुसत राहिले. किती वेळ! फार गोड दिसत होते. एकतीस वर्षांत सांगितलं नाही कधी, इथे लिहून ठेवते.

पण माझ्या एका चुकीपायी ह्यांचं काम गेलं. ह्यांचं आयुष्यच ते. उद्या सगळं सांगणार. अगदी दहा डिसेंबरपासूनचं. रागावले तर रागावू देत.

९ फेब्रुवारी

न्हाणीघर धुवायची आज आमच्या घराची पाळी. सोबतीला कुवाबारा आजी. फरशी घासता घासता म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या पायांचं काय झालं गं? डिसेंबरपासून पाण्यात उतरलेला नाही. बधिर पायांना कढत पाणी कळायचं नाही, भाजेल, म्हणून डॉक्टरने बंदी केलीय म्हणे."

म्हटलं, पण ते तर रोज येतात!

"येतो ना. तासभर बाहेरच्या बाकावर बसतो, बर्फात. जाताना नळाखाली टॉवेल तेवढा भिजवतो. मी म्हटलं, घरी जा की, गारठशील. तर म्हणाला, साडेसहाच्या आत जाता येत नाही, बायको धार लावतेय."