तू जागा विचारली होतीस

आये, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. आज लिहितोय. मी इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, तेव्हाचं आपलं करावे गावातलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आहे. तू चुलीपाशी मासळी साफ करतेस आणि मी भिंतीला टेकून ट्रान्सफॉर्मरची गणितं सोडवतोय. वहीखाली कायद्याचं जुनं पुस्तक. डिग्री झाली की लॉ कॉलेजात जायचं मी ठरवलं होतं, त्याची तयारी चोरून चालली होती. एके दिवशी तू वही बाजूला केलीस, पुस्तकाची पानं चाळलीस आणि म्हणालीस, "यात तारा नाय दिसत." मग मला खरं सांगावं लागलं. "वकील?" तू पुन्हा मासळीकडे वळलीस. "इजेचा शिक. वकील दुसऱ्याचा बोलना फिरवतान."

त्याच वर्षी नव्या शहरासाठी खाडीकाठचा आपला तुकडा जाणार म्हणून नोटीस आली. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर तुझं नाव लागलं होतं, आणि आपली होडी आपण तिथंच ओढून ठेवायचो. गावच्या शाळेत साहेब चौकशीला बसले होते. तुझी पाळी आली तशी तू पदर सावरून उभी राहिलीस. "अंगठा मंग देतंय. आदी सांगा, आमची होरी कुटं लावाची?" कारकुनाने माझ्याकडे पाहिलं, "काय म्हणतायत या?" आये, त्या इस्त्रीच्या शर्टांसमोर मला तुझ्या बोलीची लाज वाटली. "त्यांना मुदत हवी आहे," मी म्हणालो. त्याने तेवढंच लिहिलं, तुझा अंगठा घेतला आणि पुढचं नाव पुकारलं.

घरी येताना तू विचारलंस, "मुदत मंजी काय रं?"

"वेळ."

तू बांधावर थांबलीस. आवाज चढवला नाहीस. "मी येल मागला? मी जागा इचारली. माज्या तोंडातला बोलना तू कशाला बदललास?" उद्या कचेरीत जाऊन दुरुस्त करून घेतो, एवढंच म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी परत आलो तेव्हा तू दारातच होतीस. "केलास?" "केलं." तू हसलीस, कितीतरी दिवसांनी. संध्याकाळी तुझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून तू त्या पुस्तकाला कव्हर शिवलंस. "वकिलीचा बुक हाय. म्हावऱ्याचा पानी लागाचा नाय."

मुदत मिळाली आणि संपलीही. काठावर भराव पडला. होडी काही दिवस दुसऱ्यांच्या होड्यांमागे बांधली, मग ती कुजली. जागेचा विषय तू पुन्हा कधी काढला नाहीस. आपण विचारलं होतं, त्यांनी उत्तर दिलं नाही, अशी तुझी समजूत. मी डिग्री घेतली, दिवसा नोकरी आणि संध्याकाळी लॉ केलं. सनद मिळायच्या आधी तू गेलीस. आता कुणाचा जबाब लिहिला की मी तो त्यांच्याच शब्दांत वाचून दाखवतो. लोक त्याबद्दल माझं कौतुक करतात, आणि मी ते ऐकून घेतो.

आये, त्या दिवशी मी कचेरीत गेलोच नाही. बाहेरच्या बाकावर तासभर बसलो, कॉलेजात जर्नल द्यायचंय असं स्वतःला सांगितलं आणि उठलो. त्या कागदावर अजून मुदतच लिहिलेली असेल. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू सुई-दोरा घेऊन बसली होतीस, आणि मला ते कव्हर हवं होतं.