भाऊसिंग पाटलाच्या नावाची शाळा

१२ जानेवारी १९५५
मदनसिंग पाटलानं आज पारावर जाहीर केलं— नव्या शाळेला त्याच्या बापाचं नाव. भाऊसिंग पाटील शाळा! याच भाऊसिंगानं माझा धाकटा भाऊ देवला लहानपणी जुन्या शाळेच्या पायरीवर बसला म्हणून त्याचीच पाटी त्याच्या कानशिलावर फोडली होती. "तांड्याच्या पोरायले अक्षर कायले पाह्यजे?" म्हणे. देवलाचा डावा कान गेला तो गेलाच. शाळाही सुटली. मी अक्षर शिकलो ते पुढं, गाड्यांवरची नावं रंगवता रंगवता.

१३ जानेवारी
देवलाला सांगितलं. हसला. "दादा, मेल्या माणसासंगं कायले भांडतं? अन् इकडून बोल, तिकडून मले आयकू येत नाही."
माझ्या आत मात्र चूल पेटली ती विझेना.

२ फेब्रुवारी
भिंती छातीला लागल्या. सारं श्रमदान. बहुतेक बैलगाड्या आमच्या तांड्याच्याच. दगड आम्ही वाहायचे आणि मिरवायचं पाटलानं.

९ फेब्रुवारी
तांड्याची बैठक बसवली. नाव निघेस्तोवर एक गाडी हलायची नाही. देवलाची बायको कमलीबाई मला म्हणाली, "भासरे, माह्या नाती शाळेवाचून निंबाखाली बसतेत. आंदी छप्पर होऊ द्या, मंग भांडा." तिचं कोण ऐकतं? बैलाच्या वशिंडावर हात ठेवून सगळ्यांनी आण घेतली. आमच्यात ही आण मोडत नाहीत.

२० फेब्रुवारी
मदनसिंग पायी तांड्यावर आला. "खेमाकाका, बाप होता माहा."
"अन् तो भाऊ होय माहा."
उठला, शाळेवर गेला. दारावर बसवायच्या शिळेवरचं बापाचं नाव त्यानं स्वतः छिन्नीनं काढलं, साऱ्यांदेखत. एकदाही वर पाहिलं नाही. मी शेवटच्या अक्षरापर्यंत उभा राहिलो. घरी येऊन पोटभर जेवलो.

२६ फेब्रुवारी
शाळांना मंजुरी देणारे जनपद सभेचे साहेब वाशीमहून आले. जागेचा कागद मागू लागले. कागद कुठला? जागा मदनसिंगाची, तोंडी दिलेली. आम्हीही शब्दावरच भिंती उभ्या केल्या.
मदनसिंग शांतपणे म्हणाला, "नाव नाही, तं जागा नाही. भिंती आयत्याच हायेत, म्हशी बांधतो."
कागद नाही तर मास्तर नाही, असं सांगून साहेब जीपमध्ये बसले. कमलीबाईनं माझ्याकडं नुसतं पाहिलं.

१ मार्च
पाटलाच्या ओसरीवर गेलो. पागोटं डोक्यावर होतं, पण मान खाली. म्हटलं, लाव बाबा नाव.
"लावतो न. कागदही करून देतो. पण लिवाचं तुमी, काका. गाड्यायवरची नावं तुमीच रंगवता न?"
अस्सल बापाचा लेक!

४ मार्च
दारावर नाव लिहिलं. वाकडंतिकडं काढायचं ठरवून शिडी चढलो होतो, हात ऐकेना. अक्षर सुरेख आलं, त्याचीच चीड.
खाली देवला शिडी धरून होता. बराच वेळ वर पाहत राहिला. मग म्हणाला, "दादा, यातलं 'शाळा' कोणतं? तेवढंच शिकव मले."