दिव्यापुढे टांगलेला डोळा

आबा, काल पारोळ्याच्या रस्त्यावरच्या एका ऑइल मिलमध्ये पुन्हा तुमचीच करामत पाहिली. बर्नरची ज्योत पाहणारा अल्ट्राव्हायोलेट डोळा, जो बसवून मी पोट भरतो, तो नळीतून काढून पेटत्या मेणबत्तीपुढे टांगलेला. तिथल्या ऑपरेटरला मी इतकं बोललो की शेठ केबिनमधून बाहेर आला. ऑपरेटर म्हणाला, "सायेब, सारखं बंद पडस, मंग काय करू?" खरं तर मी त्याला बोलतच नव्हतो, तुम्हाला बोलत होतो.

त्या डोळ्याचं काम एवढंच, की नळीतून ज्योतीच्या बुडाकडे बघत राहायचं आणि ज्योत विझली की तेल बंद करायचं. काचेवर काजळी धरली की त्याला दिसेनासं होतं आणि तो उगाच बर्नर बंद पाडतो. मग काच पुसायची, नळी पुन्हा नीट बुडावर रोखायची. पण त्यासाठी बर्नर थांबवावा लागतो, आणि ऐन सीझनमध्ये मिल थांबलेली तुमच्या शेठला खपत नसे. तुम्ही तिथले बॉयलरवाले, तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं. तरी देवपूरच्या आपल्या स्वयंपाकघरात भाकरी मोडता मोडता तुम्ही आईकडे पितळी दिवा मागितलात. "बॉयलरपुढे लावस, पूजेले." तिने तो चिंचेने घासून लखलखीत करून दिला. तुम्ही डोळा काढून त्याच्यापुढे टांगलात आणि पाळीतल्या जोडीदाराला म्हणालात, "याले दिवा दखाड, बठ्ठं बरोबर चालस." आणि सगळं खरंच बरोबर चाललं. मिल थांबली नाही म्हणून दसऱ्याला शेठने चारचौघांत पाठ थोपटली, तर छाती फुगवून घरी आलात. देवाच्या दिव्याने यंत्राला फसवलंत, आणि त्याच दिव्यासाठी आईलाही.

मग एके दुपारी तेलात पाणी आलं. भट्टीतली ज्योत विझली आणि बाहेरचा दिवा मात्र तेवत राहिला. डोळ्याला जाळ दिसतच होता, त्यामुळे तापलेल्या भट्टीत तेल पडत राहिलं. भडका उडाला तेव्हा तुम्ही भट्टीच्या दारासमोर होतात. स्मशानातून परतताना तुमच्या जोडीदाराने मला हे सांगितलं. एका शाबासकीपायी जीव घालवलात. तुम्ही अडाणी असतात तर मी केव्हाच माफ केलं असतं.

मी हत्यारांची पिशवी उचलली की आई अजून म्हणते, "त्या काचना डोयानी तुना बापले खादं." तिला खरं सांगायचं तर तिने घासून दिलेल्या दिव्याचंही सांगावं लागेल. म्हणून आज सकाळीही "हो, तो डोळाच खराब होता," म्हणालो आणि निघालो. हा कागदही फाडावा लागेल, तिला वाचता येतं. तिचा जीव दुखू नये म्हणून मी खोटं बोलतो, असं बायकोला सांगतो. ते अर्धंच खरं आहे. तिच्यापुढे तुम्हाला कोणी मूर्ख म्हटलेलं मलाच सोसणार नाही, आबा.