भोवत्यांचा मुक्काम

गुरुवार, संध्याकाळ

रविवारी इथं लिहिलं की पासलीच्या माळावर एकच भोवत्या होता. चूक! आज बाबांबरोबर पुन्हा गेले. दिवस मावळताना ते शिकारी पक्षी एकामागून एक गवतात उतरले आणि तिथंच, भुईवर, झोपले. आमच्या पक्षीमंडळाला इतक्या हिवाळ्यांत त्यांचा मुक्काम सापडला नव्हता. मला पक्षी शिकवणारे बाबासुद्धा नाचायचे बाकी होते.

पण माळाचे मालक धोंडिबाआबा हसले. "आगं, घारी कवा भुईवर झोपत्यात व्हय? रविवारी गवात पेटवायचंय."

"आबा, थंडी सरेपर्यंत थांबा ना!"

"आदी दाव. दिसली तर काडी लावत न्हाई."

दिसतील ना? नेमके त्या दिवशी आले नाहीत तर? भुईवर झोपतात, मी पाहिलंय. शनिवारी संध्याकाळी आबांना घेऊन माळावर जाणार.