झोपायच्या खोलीचा वापर

आप्पा,

व्हॅल्युअरच्या परीक्षेला संभाजीनगरला चाल्ले. इंजिनिअरची डिग्री, पाच वर्षं नोकरी, पन्नास तासांचा क्लास सगळं झालं, आता एवढी परीक्षाच राह्यली. मुक्काम मावशीकडं. भाकरी टोपल्यात आहेत.

क्लासच्या सरांनी सरावाला एका घराची किंमत ठरवायचा रिपोर्ट मागितल्ता, म्हणून आपलंच घर मोजलं. प्रत्येक खोलीचा वापर लिहावा लागतो. आई गेल्यापासून तुमच्या खोलीला कुलूप अन् तुम्ही स्वयंपाकघरात निजता. रोज दिसतं, पण मी कधी विचारलं न्हाई, तुम्हीबी बोलला न्हाईत. मी तिथं ‘झोपायची खोली’ लिहून दिलं.

रिपोर्टात खोटं लिहिलं तर उद्या लायसन जाईल, आप्पा. कुलूप काढलंय, गादीला ऊन दाखवलंय. आज तिथं निजा.

शीला